यानावरचा नकोसा माणूस

माणूस चंद्रावर जाऊन आला, उद्या मंगळावर जाईल, परवा आणखी कुठं जाईल. पण जिथं जाईल तिथं बरोबर एक नकोसा माणूस घेऊन जाईल, एवढं मला इंग्रजी विज्ञानमालिकांनी शिकवलं. बाकी विज्ञान म्हणाल तर माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, असं कुणी म्हटलं की माझ्या मनात पहिला विचार प्रवासभत्त्याचा येतो. परंतु एका जागी कोंडलेली सात-आठ माणसं, त्यांच्या डोक्यावर एक साहेब, आणि त्यांच्यात एक असा, की जो आत आला रे आला की बाकीच्यांना एकदम कामं आठवतात, हे दृश्य मला मुळीच परग्रहावरचं वाटत नाही. ते मी गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागून रोज पाहतो आहे.

विद्वान समीक्षक अशा मालिकांमधलं विज्ञान तपासतात. मी स्टाफ तपासतो. आणि तो तपासताना आमच्या धंद्यातलंच एक मूलतत्त्व मला फार उपयोगी पडतं. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन भिक्षूनं ते १४९४ साली छापून ठेवलं आणि तेव्हापासून तमाम कारकून जमात त्या तत्त्वावर भाकरी खाते आहे. रक्कम हवेत राहत नाही. एका खात्यात जमा झाली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडतेच. आता त्रास हीसुद्धा एक रक्कमच आहे. एखादं पात्र त्रास देतं तेव्हा तो कुणाच्या तरी नावे टाकावाच लागतो. कुणाच्या नावे टाकला, एवढं पाहिलं की मालिका चांगली की वाईट ते कळतं. पंधरा वर्षं वाङ्मय शिकलेल्या माणसाला याहून सोपी कसोटी ठाऊक असेल तर त्यानं मला पोस्टकार्ड टाकावं.

पहिलं खातं उघडू या डॉक्टर स्मिथचं. 'लॉस्ट इन स्पेस' ही अमेरिकन मालिका १९६५ ते १९६८ अशी तीन वर्षं चालली. रॉबिन्सन नावाचं एक सुखी कुटुंब आल्फा सेंटॉरीकडे वस्ती करायला निघतं. मालिकेतलं साल १९९७. त्या साली खरं तर आम्ही दादरहून कल्याणला वेळेवर पोचत नव्हतो, पण ते असो. या यानात घातपात करायला हा डॉक्टर शिरतो आणि उतरायच्या आत यान सुटतं. त्याच्या जादा वजनानं यान भरकटतं. म्हणजे केवळ वजनानं गाडी चुकवणारा प्रवासी!

गंमत अशी की मालिकेचा जो पहिला नमुना तयार झाला होता त्यात हे पात्र नव्हतंच. मागाहून खलनायक म्हणून ते घातलं. पण जोनाथन हॅरिस या नटानं आपली वाक्यं स्वतःच घडवत घडवत खलनायकाचा एक भित्रा, आळशी, रडका आणि अखंड बडबड्या म्हातारा करून टाकला. यंत्रमानवाला अनुप्रासयुक्त शिव्या देणं हा त्याचा नित्यनेम. तीन वर्षं, एकूण ८३ भाग, श्रेयनामावलीत त्याचं नाव 'खास पाहुणे कलाकार' म्हणूनच येत राहिलं. पाहुणा म्हणून आला आणि रेशनकार्डावर नाव घालून बसला, यातला प्रकार! पण हिशेब मात्र चोख आहे. त्याचा त्रास रॉबिन्सन मंडळींच्या नावे पडतो. मेजर वेस्ट तर त्याला यानाबाहेर फेकायला सदैव एका पायावर तयार. आपल्याऐवजी दुसरा कुणीतरी दात-ओठ खातो आहे म्हटल्यावर आपण निवांत हसायला मोकळे.

आता दुसरं खातं, आणि इथं मात्र ताळेबंद जुळत नाही. १९८७ साली 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली. आमच्याकडे केबल आल्यावर आम्ही ती पाहिली. यानावर हजारावर माणसं, बायकामुलांसकट बिऱ्हाडं. म्हणजे उडती स्टाफ कॉलनीच. यानाच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा वेस्ली क्रशर. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचं मधलं नाव वेस्ली, तेव्हा मुलगा कुणाचा लाडका हे सांगायला नको. विल व्हीटन या नटाचं वय तेव्हा पंधरा.

हा वेस्ली आपण ओळखतो. प्रत्येक सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दारासमोरच तो राहतो. त्याला गणितात पैकीच्या पैकी मिळतात, तो संध्याकाळी मोठ्यांच्या पाया पडतो, आणि आपल्या घरी जेवताना त्याचं नाव निघालं की आपल्या पोराचा घास घशात अडकतो. वेस्लीचं तसंच. अकादमीतून तावून सुलाखून आलेले इंजिनिअर हात टेकतात आणि हा पोरगा येऊन बटण दाबतो. पहिल्याच वर्षात कप्तान त्याला गणवेशाशिवायच हंगामी अधिकारी करून टाकतात. बँकेत असं झालं असतं तर युनियननं दारात मांडव घातला असता! पण यानावर सगळे खूश. साहेब खूश, आई खूश, बाकीचा स्टाफ कौतुकानं माना डोलावतोय. सगळीकडे जमाच जमा. मग नावे कुणाच्या? तर घरी बसून पाहणाऱ्याच्या. पात्राचा त्रास पात्रांना होत नसेल तर तो प्रेक्षकाला होतो, हा माझा पहिला सिद्धान्त.

याचा पुरावा म्हणजे १९८८ सालचा 'डेटालोर' हा भाग. यानावर डेटा नावाचा एक सज्जन यंत्रमानव आहे. त्याचा दुष्ट जुळा भाऊ त्याच्या जागी येऊन बसतो. हे एकट्या वेस्लीला समजतं. तो सांगू पाहतो तर कप्तान त्याला गप्प बसायला सांगतात आणि पाठोपाठ आईसुद्धा. पोरगा अगदी बरोबर बोलत होता. पण प्रेक्षकांना त्या भागातलं दुसरं काही आठवत नाही. त्याला गप्प बसवलं एवढंच आठवतं. तुंबलेली वसुली झाल्याचा आनंद झाला लोकांना!

पण लोकांनी ही वसुली भलत्याच खात्यावर टाकली, हेही सांगायला हवं. संवाद लिहिणारे बाप्ये चाळिशीचे, आणि तिरस्कार आला त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला. व्हीटननं पुढं मोठेपणी या सगळ्याबद्दल स्वतः लिहिलं आहे. चेक वटला नाही म्हणून शिपायाचं बखोट धरावं, तसं हे झालं. आणि वेस्ली सुधारला केव्हा? तर १९९२ सालच्या 'द फर्स्ट ड्यूटी' या भागात. अकादमीतली पोरं मनाई असलेली कसरत करायला जातात, एक जण मरतो, उरलेले खोटं बोलतात. वेस्लीही त्यांच्यात. शेवटी पिकार्डसाहेब त्याला समोर उभा करतात, आणि मग तो खरं सांगतो. त्याचं एक वर्ष फुकट जातं. पाच वर्षांत प्रथमच मोठी रक्कम त्याच्या स्वतःच्या नावे पडली आणि त्याच क्षणी तो मला शेजारचा मुलगा न वाटता आपल्या घरातला वाटला.

अमेरिकनांचं भविष्य हे असं, सोवळं नेसून पाटावर बसल्यासारखं स्वच्छ. इंग्रजांचं भविष्य मात्र बरंच आपल्यासारखं आहे. गळकं, कळकट, आणि चहाशिवाय न चालणारं. १९८८ साली बीबीसीवर 'रेड ड्वार्फ' सुरू झाली. रॉब ग्रँट आणि डग नेलर या जोडगोळीनं लिहिलेली. खाणकामाचं अवाढव्य यान, आणि त्यावर अर्नोल्ड रिमर नावाचा दुय्यम दर्जाचा तंत्रज्ञ. काम काय, तर सूपच्या यंत्रांच्या तोट्या साफ करणं. हाताखाली एकच माणूस, लिस्टर. पण रुबाब असा, की जनरल मॅनेजरनंही उठून उभं राहावं. क्रिस बॅरी या नटानं तो असा उभा केलाय की मला दर पाच मिनिटांनी आमच्याच क्षेत्रीय कार्यालयातला कुणीतरी दिसतो.

या रिमरनं एक दुरुस्ती धड केली नाही, त्यामुळे किरणोत्सर्ग होऊन यानावरचे सगळे मेले, तो स्वतःही मेला. शिक्षा म्हणून गोठवून ठेवलेला लिस्टर तेवढा वाचला आणि तीस लाख वर्षांनी जागा झाला. यानावरच्या संगणकाला मेलेल्यांपैकी एकाचीच प्रकाशप्रतिमा चालवता येते. त्यानं निवडली रिमरची! कपाळावर इंग्रजी एच, अंगाला वस्तुमान नाही, कशालाही हात लावता येत नाही, आणि तरीही हा माणूस छळतो. कशालाही हात न लावता काम अडवून धरणारे लोक आपण पृथ्वीवर पाहिले आहेत, तेव्हा मला त्यात अशक्य असं काही वाटलं नाही.

रिमरला अधिकारी व्हायचं असतं. त्यासाठी तो पुनःपुन्हा परीक्षेला बसतो. पहिल्याच भागात तो उत्तरं हातापायांवर शाईनं लिहून जातो, घामानं शाई फिसकटते, मग तो तळव्याचा ठसा उत्तरपत्रिकेवर उमटवतो, खाली सही करतो, उठून सलाम ठोकतो आणि कोसळतो. ज्यानं बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा संसार सांभाळून दिल्या आहेत, त्याला हसता हसता इथं जरा ठसका लागतो.

पण रिमरची खरी गोष्ट सूपची आहे. एकदा त्याला कप्तानाच्या टेबलावर जेवायला बोलावलं होतं. आयुष्यातली संधी! समोर गझपाचो सूप आलं. ते थंडच प्यायचं असतं, हे त्याला माहीत नाही. त्यानं ते परत पाठवलं आणि गरम करून आणायला सांगितलं. म्हणजे मालवणी घरी जेवायला जाऊन सोलकढी उकळून मागावी, तसं. आपली बढती त्या वाटीत बुडाली असं त्यानं धरून ठेवलं, आणि मरतानाही त्याच्या तोंडी त्या सूपचंच नाव होतं. हे 'मी स्क्वेअर्ड' या भागात कळतं. त्याच भागात रिमरची आणखी एक प्रतिमा तयार होते आणि हे दोन रिमर मोठ्या हौसेनं एका खोलीत राहायला जातात. जगात आपल्याला समजून घेणारा शेवटी एक तरी भेटला! थोड्याच दिवसांत दोघं एकमेकांचा गळा धरायला निघतात. त्रास ज्याचा, त्याच्याच नावे. जमा-नावे एकाच खात्यात. पाचोलीसाहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

आता शेवटचं खातं, आणि ज्याच्यासाठी एवढी वही उघडली तो माणूस. पुन्हा 'नेक्स्ट जनरेशन'कडे चला. रॉडनबेरींचा आग्रह असा, की चोविसाव्या शतकातली माणसं सुधारलेली असतील, आपसांत कुरबुरी करणार नाहीत. लेखक मंडळी या अटीनं मेटाकुटीला आलेली. आणि मग १९९० साली 'हॉलो पर्सूट्स' या भागात एक माणूस कामावर उशिरा येतो. रेजिनल्ड बार्कली. ड्वाइट शुल्ट्झ या नटानं केलेला. तो अडखळतो, साहेबांपुढे त्याला वाक्य पुरं करता येत नाही, चारचौघांत हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. सुधारलेल्या शतकातली सुधारलेली माणसं काय करतात? त्याला 'ब्रोकोली' म्हणतात! हे नाव ठेवतो कोण, तर आपला वेस्ली. वर्गातला पहिला नंबर नेहमी नावं ठेवण्यातही पहिला असतो, हे लिहिणाराला बरोबर ठाऊक होतं.

त्याचा वरिष्ठ जॉर्डी आणि उपकप्तान रायकर मिळून साहेबांकडे जातात आणि त्याची बदली मागतात. इथं मी खुर्चीत सावरून बसलो. कारण पुढचं मला पाठ होतं. साहेब मान डोलावणार, 'पाहू' म्हणणार, आणि आठ दिवसांत ऑर्डर. पण पिकार्डसाहेब बदली देत नाहीत. जॉर्डीला सांगतात, त्याला नीट ओळखून घे, त्याचा जिवलग मित्र हो. शिवाय ते टोपणनाव बंद झालं पाहिजे म्हणून बजावतात. आणि थोड्या वेळानं स्वतःच, भर स्टाफसमोर, त्याला ब्रोकोली म्हणून हाक मारून बसतात! वर डेटा हा यंत्रमानव शांतपणे समजावतो की असा वर्णविपर्यास उच्चारात नेहमी होतो. हसून पुरेवाट झाली. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येतं, की इथं त्रास कुणाच्या नावे पडला होता? यानावरच्या लोकांना वाटत होतं, आपल्या. पाहणाऱ्याला वाटत होतं, यानावरच्यांच्या. प्रत्यक्षात सगळी रक्कम पहिल्यापासून तो एकटा बार्कली भरत आला होता.

ही ओळ लेखकांनी गायनन या बाईंच्या तोंडी ठेवली आहे. हूपी गोल्डबर्गनं केलेली ही यानावरची पेयगृहवाली. ती जॉर्डीला जे सांगते त्याचा मथितार्थ असा : आपण कुणाला नकोसे आहोत असं कळलं, तर मलाही यायला उशीर होईल आणि मीही बावचळेन. चार वर्षांच्या स्टाफ ट्रेनिंगमध्ये आम्हाला कुणी हे एक वाक्य सांगितलं नाही.

आमच्या शाखेत असा एक जण होता. त्याचं नाव 'राउंडऑफ' पडलं होतं, कारण तो कुठलीच गोष्ट राउंडऑफ करत नसे. एका सहकाऱ्याच्या सेंडऑफला तो आपणहून बोलायला उठला आणि निवृत्त होणाऱ्यांच्या पत्नीकडे वळून, पुढंमागं काही झालंच तर त्यांना फॅमिली पेन्शन किती मिळेल, ते पैशांसकट सांगितलं. हॉलमध्ये वडे तळणाराचा झाराही थांबला. पुढच्याच बदल्यांत त्याचं नाव निघालं. आमच्याकडे जी नोंद कुठल्या खात्यात टाकावी ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. अशा माणसांना बदली देतात. दोन वर्षांनी त्या बाई एकट्या शाखेत आल्या. कपाळ मोकळं. फॉर्म भरायला आम्ही तिघं-चौघं उठलो, तर त्यांनी विचारलं, "ते आकडा सांगणारे भाऊ कुठं असतात हो आता?" त्यांना दुसरं कुणी नको होतं. पत्ता घेऊन त्या दोन बस बदलून त्याच्या शाखेत गेल्या.

बार्कलीचंही असंच होतं. यानावर यंत्रं एकामागून एक बिघडत जातात, वेग आवरेना होतो, यान फुटायची वेळ येते. सगळे हुशार लोक यंत्रांत दोष शोधतात. बार्कली म्हणतो, या सगळ्या यंत्रांना हात लावणारे आपणच. दोष आपल्याच हातांतून पसरत असेल. आणि तेच निघतं. एक परका पदार्थ त्या सुधारलेल्या लोकांच्याच हाताला लागलेला असतो.

या भागात एक गोष्ट मात्र मला खटकते. यानावर होलोडेक नावाची खोली आहे, तिथं हवी ती माणसं खोटी-खोटी उभी करता येतात. बार्कली तिथं आपल्याच साहेबांचे पुतळे करून त्यांना हरवतो. रायकरला तर चक्क ठेंगू केलेलं असतं. इथवर ठीक. कुठल्या कारकुनानं मनातल्या मनात हे केलं नसेल? पण समुपदेशक ट्रॉयबाईंना तो कृपाळू देवी करून समोर उभी करतो, आणि लेखक ते विनोदावारी नेतात. ट्रॉयबाई आधी दुसऱ्यांच्या प्रतिमा पाहून समजूतदारपणा दाखवतात आणि स्वतःची पाहिल्यावर भडकतात, त्याला आपण हसायचं. बाईंचा राग वाजवी होता. एकटेपणाची किंमत दुसऱ्याच्या चेहऱ्यातून वसूल करायची नसते. ही एक नोंद लेखकांनी तपासायची राहून गेली.

पुढं १९९९ साली 'व्हॉयेजर' या मालिकेच्या 'पाथफाइंडर' भागात बार्कली पुन्हा येतो. आता तो पृथ्वीवर नोकरीला. आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला हरवलेल्या एका यानाशी संपर्क साधायचा त्यानं ध्यास घेतलेला. वरिष्ठ ऐकत नाहीत, तो ऐकायचं सोडत नाही, आणि अखेर त्या लोकांचा आवाज पृथ्वीवर पोचतो तो त्याच्यामुळे. मला ही गोष्ट फार पटली. इतकी वर्षं घरापासून लांब, कुणी हाकही न मारलेली माणसं कशी राहत असतील, याचा विचार रात्रंदिवस दुसरं कोण करणार?

'हॉलो पर्सूट्स'च्या शेवटी बार्कली होलोडेकवरच्या त्या खोट्या मित्रमंडळींचा निरोप घेतो आणि संगणकाला सांगतो, माझे सगळे कार्यक्रम पुसून टाक, नऊ नंबरचा तेवढा ठेव. त्या नऊ नंबरात काय आहे ते तो भाग सांगत नाही. त्यात ट्रॉयबाई किंवा दुसरं कुणी ओळखीचं नसावं, एवढी एक अट घालून मी त्याला मंजुरी देतो. माणसाचं एखादं खातं असं असावं, की ज्याचं ऑडिट कुणी करू नये.